नाचाचे वाद्यवृंद : उदय आणि अस्त

‘बँड’ हा शब्द उच्चारला कीं वऱ्हाडांतील माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम वरात उभी राहते. लाल कोटावर जरीच्या फिती, पुढें क्लॅरिओनेटवाला, मागें पितळी कर्णे आणि सर्वांत शेवटीं ढोल. आज ज्या बँडाविषयीं बोलावयाचें आहे तो याच घराण्यांतला खरा. पण तो रस्त्यानें चालत नसे. तो मोठ्या हॉटेलाच्या दिवाणखान्यांत बसून वाजवी आणि त्याच्या तालावर स्त्री-पुरुषांचीं जोडपीं नाचत. अमेरिकेंत त्याचा उत्कर्ष झाला, मुंबईंत त्याची एक शाखा फुलली, आणि पंधरा-वीस वर्षांत दोन्ही ठिकाणीं तो मोडला. अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांनीं या परक्या गोष्टीकडे लक्ष कां द्यावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं आपल्या वरातींत आजहि ज्या जुन्या सिनेमाच्या चाली वाजतात, त्यांतल्या कित्येकींचा जन्म याच बँडाच्या पोटीं झालेला आहे.

प्रथम त्याची रचना समजून घेऊं. बारा ते सोळा वादकांचा हा ताफा तीन फळ्यांत विभागलेला असे. एक फळी ट्रंपेट व ट्रॉम्बोन या पितळी वाद्यांची. दुसरी सॅक्सोफोनची, जिच्यांतले वादक वेळ पडल्यास क्लॅरिओनेट उचलीत. आणि तिसरी पियानो, गिटार, डबल बास व ड्रम यांची, जिच्याकडे लय राखण्याचें काम. सॅक्सोफोनच्या फळीनें एक छोटासा तुकडा टाकावा, पितळी फळीनें त्यास उत्तर द्यावें, असा हा संवाद चाले. पोवाड्यांत शाहीर आणि झीलकरी यांचें जसें असतें तसेंच, फरक इतकाच कीं येथें झीलकरी चार नसून दहा असत आणि प्रत्येकाचा स्वर वेगळा लिहून दिलेला असे. मधूनच एखादा वादक उभा राही आणि ठरलेल्या आवर्तनांपुरतें स्वतःच्या मनचें वाजवी. आपल्या गवयाच्या तानेसारखेंच हें. मात्र गवयास सवड असते, याला हिशेब चुकवितां येत नसे. बत्तिसाव्या गटाच्या अखेरीस त्यानें खालीं बसलेंच पाहिजे.

या संगीताला ‘स्विंग’ म्हणजे झोका असें नांव पडलें तें त्याच्या चालीमुळें. ठेका चार मात्रांचा. प्रत्येक मात्रेंत दोन स्वर आले तर कागदावर ते सारखे लिहीत. वाजवितांना मात्र पहिला लांबवीत आणि दुसरा आंखूड करीत, साधारणपणें दोनास एक या प्रमाणांत. दमणीचे बैल ऐटींत दुडके चालूं लागले म्हणजे गळ्यांतल्या घुंगरांचा जो लयबद्ध झोल ऐकूं येतो, तो ज्याच्या कानांत आहे त्यास अधिक सांगावयास नको. हा झोल कागदावर उतरत नाहीं. तो ऐकूनच उचलावा लागतो, आणि या एका गोष्टीवर पुढची बरीच हकीकत अवलंबून आहे.

ही पद्धति घडविणाऱ्यांत अग्रगण्य म्हणून फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णी अमेरिकन गृहस्थाचें नांव घेतलें पाहिजे. ते अटलांटा विद्यापीठाचे पदवीधर. शिकले रसायनशास्त्र आणि न्यूयॉर्कमध्यें येऊन झाले बँडनायक. त्यांच्या ताफ्यांत एकाहून एक वादक होते, पण व्यवहाराची बाजू लंगडी राहिली आणि १९३४ सालीं तो ताफा मोडला. तेव्हां पोटासाठीं त्यांनीं आपल्या रचना एका तरुण गौरवर्णी वादकास विकल्या. ते बेनी गुडमन. गुडमन यांच्या ताफ्यास रेडिओवर दर शनिवारीं रात्रीं वेळ मिळाली होती, पण फार उशिराची. न्यूयॉर्कमध्यें मध्यरात्र उलटून लोक झोंपीं जात तेव्हां ते वाजवीत. त्यांना स्वतःस कल्पना नव्हती कीं तीन तास मागें असलेल्या कॅलिफोर्नियांत ती ऐन रात्रीची वेळ असून तेथील तरुण मंडळी कान टवकारून बसलेली असते. २१ ऑगस्ट १९३५ रोजीं हा ताफा दौरा करीत, जागोजागीं निराश होऊन, लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नृत्यगृहांत पोहोंचला आणि हेंडरसन यांच्या रचना सुरू होतांच लोकांची एकच झुंबड उडाली. स्विंग युगाचा आरंभ या रात्रीपासून मानण्याची प्रथा आहे. एका घड्याळाच्या फरकानें माणसाचें दैव उघडावें, हें रेडिओवरून बोलणाऱ्यास सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गुडमन ‘स्विंगचे राजे’ झाले. हेंडरसन यांचें नांव जाणत्यांपुरतें उरलें. ते १९५२ सालीं वारले.

आतां मुंबईकडे वळूं. अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरांत उघडलें. तें बांधणारे जमशेटजी टाटा यांची पहिली मोठी गिरणी, एम्प्रेस मिल, आपल्या नागपुरांत १८७७ पासून चालूं होती आणि तिच्या चात्यांवर या मुलखाचा कापूस चढत असे. तेव्हां त्या संगमरवरी नृत्यगृहाच्या खर्चांत आमच्या बोंडांचाहि कांहीं वांटा आहे, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. मात्र ज्या शेतकऱ्यानें तीं वेंचलीं त्यास तेथें पाऊल ठेवण्याचा योग क्वचितच आला असेल.

पॅलोमारची रात्र ज्या सालांतली, त्याच १९३५ सालीं लिऑन ॲबी नांवाचे व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णी अमेरिकन ताफा घेऊन ताजमध्यें आले. असा ताफा मुंबईनें पूर्वीं पाहिला नव्हता. त्यांच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ यांनीं सूत्रें घेतलीं, आणि त्यांच्या जोडीस पियानोवर टेडी वेदरफर्ड होते. वेदरफर्ड हे शिकागोस लुई आर्मस्ट्राँग यांच्यासमवेत एकाच वाद्यवृंदांत वाजविलेले, नंतर १९२६ सालीं पूर्वेकडे निघून शांघायपर्यंत फिरलेले. स्वदेशीं या लोकांची अवस्था अशी कीं ज्या हॉटेलांत वाजवावें तेथेंच त्यांना जेवावयास बसतां येऊं नये. मुंबईंत त्यांना मान मिळाला. आणि त्याच मुंबईंत कांहीं युरोपियन क्लबांच्या दारांवर हिंदी माणसास मज्जाव होता! मनुष्यप्राण्याच्या भेदबुद्धीला सुसंगति कसली ती नसतेच.

या अमेरिकनांच्या शेजारीं बसून शिकले ते मुख्यतः गोमंतकीय वादक. गोव्यांत पोर्तुगीज अमलाखालीं चर्चला जोडलेल्या शाळा असत आणि तेथें मुलांना अक्षरांबरोबर स्वरलेखन, गायन व व्हायोलिन शिकवीत. गाण्याचा मास्तर कडक असे. अशा रीतीनें तयार झालेला मुलगा समोर ठेवलेला कोणताहि स्वरलेख वर्तमानपत्र वाचावें तसा वाचून वाजवी. गोव्यांत पोट भरण्याची सोय नसल्यानें हे लोक ब्रिटिश हिंदुस्थानांत येत. पलटणींत, संस्थानिकांच्या पदरीं, आणि मूकपटांच्या दिवसांत पडद्याखालीं बसून वाजवीत. १९३१ सालीं बोलपट आला आणि पडद्याखालच्या वादकांची चाकरी गेली. त्यांतले पुष्कळ हॉटेलांकडे वळले. त्यांना वाचतां येत होतें, पण तो झोल येत नव्हता, आणि आयत्या वेळीं मनचें वाजविण्याची हिंमत नव्हती, कारण चर्चच्या शाळेंत मनचें वाजविणाऱ्यास छडी मिळे. वेदरफर्ड यांच्या ताफ्यांत बसलेले ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड, तसेच कावसजी खटाव हें पारशी नांव टाकून रूडी कॉटन बनलेले सॅक्सोफोनवादक, यांनीं तें कानानें उचललें. आमच्या गुरुकुलांत शिष्य गवयाच्या मागें तंबोरा घेऊन बसतो, त्याहून ही शिक्षणपद्धति फार निराळी होती असें मला वाटत नाहीं.

या पिढींतले सर्वांत गाजलेले नांव म्हणजे चिक चॉकलेट. खरें नांव आंतोनियो झेवियर वाझ; जन्म १९१६, बार्देशांतील अळदोणें या गांवीं. वाद्य ट्रंपेट. लुई आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्या ऐकून त्यांनीं त्यांची फेंक, खर्जांतला घोगरा कंठ, इतकेंच नव्हे तर रुमालानें घाम पुसण्याची लकबहि आत्मसात् केली असें सांगतात, आणि लोक त्यांस हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. चाळीसच्या दशकांत त्यांचा ‘म्यूझिक मेकर्स’ हा ताफा ताजमध्यें वाजूं लागला. त्याच हॉटेलांत मिकी कोरिया यांचा ताफा १९३९ पासून पुढें वीसहून अधिक वर्षें टिकला. महायुद्धानें या धंद्यास भर आला. मुंबई-कलकत्त्यास गोऱ्या व अमेरिकन सैनिकांची रीघ लागली. रजेवर आलेला शिपाई पैसा जपून ठेवीत नाहीं. वेदरफर्ड कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलांत गेले. तेथेंच २५ एप्रिल १९४५ रोजीं पटकीनें त्यांचा अंत झाला. स्वदेश सोडून त्यांस एकोणीस वर्षें होत आलीं होतीं.

अमेरिकेंत मात्र युद्धानेंच या ताफ्यांच्या मुळावर घाव घातला. वादक सैन्यांत गेले. पेट्रोल व टायर यांचें नियंत्रण आल्यानें सोळा जणांना मोटार-बसनें गांवोगांव नेणें कठीण झालें. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकसंघानें तबकड्यांसाठीं वाजविण्यावर बहिष्कार घातला. तबकड्या वाजवून रेडिओ पैसा मिळवितो आणि वादकास कांहीं देत नाहीं, ही त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. पण हा संप दोन वर्षांवर लांबला. गायक या संघाचे सभासद नव्हते. ते वाद्यांवांचून, मागें केवळ कंठांची साथ घेऊन गाऊं लागले आणि लोकांना तेंच आवडूं लागलें. फ्रँक सिनात्रा पूर्वीं एका ताफ्यांत मधूनमधून उठून एखादें पद म्हणणारे होते. आतां ते पुढें आले आणि ताफा त्यांच्या मागें गेला. १९४४ सालीं सरकारनें नाचगृहांवर शेकडा तीसचा कर बसविला, तो पुढें वीसवर आणला, तरी नाचास परवानगी न देतां नुसतें ऐकविणें मालकांस स्वस्त पडूं लागलें. अत्यंत लोकप्रिय असे ग्लेन मिलर सैन्यांत दाखल झाले होते; १५ डिसेंबर १९४४ रोजीं इंग्लंडहून फ्रान्सकडे विमानानें जात असतां ते नाहींसे झाले, त्यांचा मागमूस लागला नाहीं. शेवटीं १९४६ च्या डिसेंबरांत, थोड्या दिवसांच्या अंतरानें, गुडमन यांच्यासह आठ नामांकित ताफे मोडले. ड्यूक एलिंग्टन यांचा ताफा मात्र टिकला, कारण आपल्या गीतरचनांचें जें मानधन त्यांना मिळे तें ते वादकांच्या पगारांत ओतीत.

याच संदर्भांत एक गोष्ट आपल्या जवळची आहे. त्या काळची तबकडी लाखेपासून बनत असे, आणि जगांतील बहुतेक लाख हिंदुस्थानची. छोटा नागपूर व मध्यप्रांताच्या जंगलांत पळस, कुसुम व बोर यांच्या फांद्यांवर एक सूक्ष्म किडा ही लाख बनवितो आणि आदिवासी स्त्री-पुरुष ती खरडून बाजारांत आणतात. युद्धांत जहाजांचा मार्ग धोक्याचा झाला, लाख दारूगोळ्याच्या कामीं लागली, आणि १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें तबकडीवाल्यांचा लाखेचा पुरवठा शेकडा सत्तरनें तोडला. नवी तबकडी हवी तर जुनी परत आणा, असें दुकानदार सांगूं लागले. न्यूयॉर्कचा नाच पळसाच्या फांदीवर लोंबकळत होता, हें तेथील नाचणाऱ्यांस कोठून ठाऊक असणार? दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेंच मावत. म्हणून नाचाचें गीतहि तेवढेंच, आणि आपलें सिनेमाचें गाणेंहि तेवढेंच. कवीनें अधिक कडवीं लिहिलीं तरी लाख ऐकत नसे.

मुंबईच्या ताफ्यांचा अस्त थोडा उशिरा आणि वेगळ्या कारणांनीं झाला. १९४७ नंतर गोरे सैनिक व अधिकारी निघून गेले. १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यांत संपूर्ण दारूबंदी आली. नीतीच्या दृष्टीनें दारूबंदीविषयीं माझें मत प्रतिकूल नाहीं. परंतु हॉटेलांतील बँडाचा पगार पेल्यांतून येत होता, ही वस्तुस्थिति आहे. रात्रीच्या नृत्यगृहांतलें गिऱ्हाईक ओसरलें, ताफे लहान होत गेले.

पण हे वादक उपाशी मेले नाहींत, कारण दादर, परळ, अंधेरीकडील चित्रपटगृहांना, म्हणजे जेथें चित्रपट तयार होतात त्या स्टुडिओंना, त्यांची गरज लागली होती. येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या संगीतांत एका वेळीं एकच स्वररेषा चालते; तंबोरा षड्ज धरून असतो आणि गवई त्यावर रागाची आकृति रेखाटतो. पाश्चात्त्य पद्धतींत एका वेळीं तीन-चार स्वर एकत्र वाजून चालीच्या खालीं जणूं रंगाचा थर देतात. संगीत-दिग्दर्शक हार्मोनियमवर चाल बसवी. ती स्वरलिपींत उतरवून, खालीं हा थर घालून, मधल्या जागांत पितळी व सॅक्सोफोनच्या फळ्यांचे संवाद लिहून, प्रत्येक वादकाच्या हातीं त्याचा कागद देणारा मनुष्य बहुधा गोव्याचा असे. फाळणीपूर्वीं लाहोरच्या हॉटेलांत ताफा चालविणारे सेबास्टियन डिसोझा हे शंकर-जयकिशन यांच्यासाठीं वर्षानुवर्षें हें काम करीत होते.

चिक चॉकलेट यांची जोडी जमली ती सी. रामचंद्र यांच्याशीं. रामचंद्र नरहर चितळकर हे पुणतांब्याचे. १९१८ चा जन्म. त्यांनीं नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्याजवळहि संगीताचे धडे घेतले होते. त्यांना स्वतंत्रपणें संगीत देण्याची पहिली संधि हिंदी चित्रपटांत दिली ती भगवान यांनीं, १९४२ च्या ‘सुखी जीवन’ या चित्रपटांत. हे भगवान पालव, ज्यांना पुढें सारे भगवानदादा म्हणूं लागले, १९१३ सालीं आपल्या अमरावतींत जन्मले. गिरणी-कामगाराचा मुलगा, शरीर मल्लाचें, शाळा अर्धवट. नाचणें मात्र असें कीं पाय हलतात कीं नाहींत हें कळूं नये आणि ताल चुकूं नये. १९५१ सालीं या तिघांच्या हातून ‘अलबेला’ निघाला. त्यांत बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिओनेट व सॅक्सोफोन यांचा जो खेळ आहे तो सरळ ताजच्या नृत्यगृहांतून आलेला आहे, आणि एका गाण्यांत चिक चॉकलेट आपल्या मंडळींसह झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. त्याच चित्रांत पिलूच्या अंगाची एक अंगाईहि आहे. एकाच माणसानें दोन्ही चाली बांधल्या. आणि १९६३ च्या जानेवारींत दिल्लीस लताबाईंनीं पंडित नेहरूंसमोर जें हुतात्म्यांचें गीत म्हटलें त्याचीहि चाल त्यांचीच. तेव्हां ‘परकी वाद्यें घेतलीं कीं देशी मन बिघडतें’ असा जो आक्षेप त्या काळीं विद्वान मंडळी घेत असत, तो मला कधीं पटला नाहीं.

तो आक्षेप नुसता बोलण्यापुरता नव्हता. १९५२ पासून मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरील सिनेगीतांवर चांगलीच कात्री चालली. ज्यांचा हेतु अभिजात संगीताची सेवा करण्याचा होता त्यांच्या निष्ठेविषयीं शंका नको; पण श्रोते रेडिओचा कांटा सिलोनकडे फिरवून मोकळे झाले. आणि जेथें रेडिओ नव्हता तेथें वरातीचे बँडवाले होते. हे बहुतेक स्वरलेखन न शिकलेले लोक. टॉकीजमध्यें चित्रपट दोन-चारदां पाहून, हॉटेलांत तबकडी ऐकून, ते चाल उचलीत. सोळा वाद्यांसाठीं लिहिलेला तुकडा सहा-सातांत वांटून घेत: सॅक्सोफोनचा भाग क्लॅरिओनेटनें, ट्रॉम्बोनचा मोठ्या कर्ण्यानें, ड्रमचा साइड-ड्रम व ढोल यांनीं. वेदरफर्ड यांच्या शेजारीं बसून गोव्याच्या पोरांनीं जें कानानें घेतलें, तेंच अकोल्याच्या जुन्या शहरांत पुन्हां एकदां कानानें घेतलें गेलें. लय थोडी जड झाली, झोल बराच सपाट झाला. तरी वराती नाचल्या.

या सर्व देवघेवींत एक अन्याय राहून गेला. तबकडीवर गायकाचें नांव असे, संगीत-दिग्दर्शकाचें असे, गीतकाराचेंहि पुढें येऊं लागलें. वादकाचें नांव नसे. रचनाकाराचें नांव चित्रपटाच्या आरंभीं ‘साहाय्यक’ म्हणून क्षणभर दिसे, कित्येकदां तेंहि नसे. त्याला दिवसाच्या कामाची रोख मजुरी मिळे आणि संबंध संपे. तबकडी पन्नास वर्षें खपली तरी त्याला त्याचा आणा मिळत नसे. १९४२ सालच्या अमेरिकन वादकांची तक्रार हीच होती. त्यांच्याजवळ संघ होता, म्हणून भांडण करून का होईना, तबकडीमागें कांहीं रक्कम वादकांच्या निधींत जमा व्हावी असें त्यांनीं कबूल करवून घेतलें. आमच्याकडील वादकांस तितकें बळ कधीं आलें नाहीं. चिक चॉकलेट यांना स्वतंत्र संगीत-दिग्दर्शक म्हणून ‘नादान’ हा चित्रपट १९५१ सालीं मिळाला, पण तशी संधि फार वेळां आली नाहीं. ते १९६७ सालीं, पन्नाशी ओलांडतांच, वारले. फ्रँक फर्नांड यांनीं पुढें कोंकणी चित्रपट काढले. भगवानदादांनीं ‘अलबेला’च्या पैशांतून जुहूस बंगला व मोटारी केल्या, त्या पुढच्या चित्रपटांत घालविल्या आणि शेवटचे दिवस दादरच्या चाळींत काढले, २००२ च्या फेब्रुवारींत ते निवर्तले.

स्टुडिओंतील मोठे वाद्यवृंद ऐंशीच्या दशकापर्यंत टिकले. मग विजेच्या कळफलकाचें यंत्र आलें, जें एकटें ट्रंपेटचाहि आवाज काढी आणि ढोलाचाहि, आणि पन्नास जणांना बोलावण्याचें कारण उरलें नाहीं.

त्या वादकांपैकीं एकाचें नांव मात्र घरोघर पोहोंचलें, तें अशा रीतीनें कीं त्यावर हंसावें कीं काय करावें कळत नाहीं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे उत्तम व्हायोलिनवादक व रचनाकार. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा त्यांना ध्यास. त्यासाठीं त्यांनीं १९५८ सालीं मुंबईंत स्वतःचा वाद्यवृंद उभा करून पाहिला. तो फार चालला नाहीं. १९६५ सालीं ते अमेरिकेस सिराक्यूज विद्यापीठांत गेले. परत आल्यावर गोव्यांत राहिले आणि चित्रपटांच्या धंद्याकडे फिरकले नाहींत. त्यांच्याजवळ व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनीं लक्ष्मीकांत यांच्यासमवेत १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ला संगीत दिलें, आणि नायकाच्या तोंडीं जें विनोदी गाणें आहे त्यांत गुरूचें संपूर्ण नांव येऊं दिलें. अंड्यांतून बाहेर येऊन नाचणाऱ्या त्या नटाचें चित्र अमरावतीच्या पोरासोरांनाहि ठाऊक आहे. वरातींत तीहि चाल वाजते. खरे अँथनी गोन्साल्विस जानेवारी २०१२ मध्यें गोव्यांत वारले.